गंजलेल्या ब्रेक लाइन बदलताना: नळीच्या आधी तिची टोकं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी १९६० च्या दशकातली, चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागच्या ॲक्सलकडे ब्रेक ऑइल नेणारी धातूची नळी, म्हणजे ब्रेक लाइन, एका जागी ओलसर दिसते. मेकॅनिक म्हणतो, तेवढा तुकडा कापून मध्ये जोड टाकू. तसं करावं का? आणि पूर्ण लाइन बदलायची तर नळी कोणती घ्यावी, काम घरी जमेल का?

आधी गाडी उभी करा. त्या काळातल्या बहुतेक गाड्यांचा मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ऑइलच्या दाबात बदलणारा भाग) एकाच सर्किटचा असतो, म्हणजे चारही चाकं एकाच दाबावर चालतात. अमेरिकेत १९६७ च्या मॉडेलपासून दुहेरी सर्किट सर्रास आलं, इतरत्र मागेपुढे. तुमच्या गाडीत ते नसेल तर सुईच्या अग्राएवढं भोक पडलं तरी पेडल थेट तळाला जाईल आणि हातात फक्त हँडब्रेक उरेल. जोरात ब्रेक दाबल्यावर लाइनमध्ये ७० ते १०० बार दाब सहज तयार होतो. ओलसर दिसणारी जागा त्या दाबाला कधी दगा देईल हे कुणीच सांगू शकत नाही.

तुकडा जोडू नका, आणि फक्त ती एक लाइन बदलून थांबूही नका. सगळ्या लाइन एकाच वयाच्या आहेत, त्याच चिखलपाण्यातून गेल्या आहेत. पुढून मागेपर्यंत पूर्ण संच बदला आणि सोबत रबरी होजही बदला. काम घरी जमण्यासारखं आहे. नळी वाकवणं आणि गाडीखाली बसवणं सवयीने येतं. खरी परीक्षा नळीच्या दोन टोकांना असते: तिथले आटे, तिथला फ्लेअर (म्हणजे नळीचा पसरवलेला किंवा फुगवलेला काठ) आणि तो ज्या तोंडात बसतो ते तोंड. त्यामुळे माझं बरंचसं उत्तर त्याबद्दलच आहे.

जोडाबद्दल एवढंच सांगतो. पितळी रिंग दाबून पकडणारा कॉम्प्रेशन जोड ब्रेकच्या लाइनवर कधीच चालत नाही. तो नळीला फक्त आवळून धरतो. दाबाचे झटके आणि गाडीची थरथर यांनी नळी त्यातून हळूहळू सरकते आणि एक दिवस निसटते. दोन्ही टोकांना नीट फ्लेअर करून युनियनने, म्हणजे आट्यांच्या जोडाने, जोडणं तत्त्वतः चुकीचं नाही. पण त्यासाठी कापलेल्या जागी धातू निरोगी लागतो, आणि इतक्या जुन्या गंजक्या नळीवर फ्लेअर करायला गेलात की तिचा काठ चिरतो.

आता गंज कुठे बघायचा ते. उघड्यावरची नळी फसवी असते. ती वाळत राहते, म्हणून बरी दिसते. कुजते ती क्लिपखाली, रबरी ग्रोमेटच्या आत, पेट्रोलच्या टाकीच्या वर, ॲक्सलवर माती साचते तिथे, नटाच्या अगदी मागे, आणि ज्यांच्यावर जाड काळा अंडरकोट थापला आहे त्या भागात. अंडरकोट जिथे सुटतो तिथे पाणी आत शिरून अडकून बसतं. एक क्लिप उचकटा आणि आतले तपकिरी पापुद्रे पातळ सुरीच्या टोकाने खरवडा. खाली गुळगुळीत धातू लागला तर गंज वरवरचा आहे. पण सुरीचं टोक बारीक खड्ड्यांत अडखळायला लागलं की ती नळी संपली असं समजा. या नळीची भिंत साधारण ०.७ मिलिमीटर जाड असते. पाव मिलिमीटरचा खड्डा म्हणजे एक तृतीयांश ताकद गेली. शिवाय ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, ते सखल भागात जमतं आणि नळी आतूनही खाल्ली जाते. आतला गंज बाहेरून दिसत नाही.

नळी कोणती घ्यावी? मूळ नळी पोलादी असते: पत्र्याची पट्टी दोनदा गुंडाळून तांब्याने आतून सांधलेली, वर गंजरोधक मुलामा. ताकदीला उत्तम, पण मुलामा खरवडला गेला की पुन्हा तीच गोष्ट. तुम्हाला गाडी अगदी कारखान्यातून आली तशीच ठेवायची असेल तर मुलामा दिलेली पोलादी नळी वापरा. बाकी सगळ्यांना मी तांबं-निकेल मिश्रधातूची नळी सांगतो, जिला क्युप्रो-निकेल किंवा कुनिफर म्हणतात. त्यात सुमारे ९० टक्के तांबं आणि १० टक्के निकेल असतं. जहाजांवर समुद्राचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांसाठी हीच जात वापरतात, त्यामुळे रस्त्यावरचं मीठ-पाणी तिला फारसं काही करत नाही. व्होल्वोने १९७६ पासून आपल्या गाड्यांना ती दिली. ती हाताने वाकते आणि फ्लेअर सुबक येतो.

निव्वळ तांब्याची नळी घेऊ नका. दिसायला दोन्ही जवळच्या, पण शुद्ध तांबं लालसर दिसतं आणि मिश्रधातू फिकट, किंचित रुपेरी. तांबं थरथरीने कडक होत जातं आणि शेवटी तडकतं, बहुधा नटाच्या मागेच. स्टेनलेस स्टील गंजणार नाही हे खरं, पण ते इतकं कडक असतं की साध्या हत्याराने दुहेरी फ्लेअर धड होत नाही, आणि झाला तरी तो पटकन सील होत नाही. आयते वाकवलेले स्टेनलेसचे चांगले संच मिळत असतील तर गोष्ट वेगळी. ॲल्युमिनियमची नळी तर अजिबात नको.

जाडी बहुतेक ठिकाणी ३/१६ इंच, म्हणजे ४.७५ मिलिमीटर. काही जुन्या गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून मागे जाणारी मुख्य लाइन पाव इंची असते. ती होती तशीच ठेवा, बारीक करू नका.

आता टोकं. सर्वांत आधी आटे. जुन्या ब्रिटिश आणि अमेरिकन गाड्यांत ३/१६ च्या नळीवरचा नट सहसा ३/८ इंची, एका इंचात २४ आटे. युरोपीय आणि जपानी गाड्यांत बहुधा १० मिलिमीटर व्यासाचा, १ मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा. ३/८ इंच म्हणजे ९.५ मिलिमीटर, आणि २४ आटे म्हणजे आट्यांमधलं अंतर १.०६ मिलिमीटर. डोळ्यांना दोन्ही नट सारखेच दिसतात. धोका असा की ३/८ चा नट १० मिलिमीटरच्या भोकात बोटांनी सुखाने फिरतो, शेवटी आवळल्यासारखाही वाटतो, पण आट्यांची पकड अर्धवट असते. पेडलवर पूर्ण जोर आला की तो सुटू शकतो. उलट, १० चा नट ३/८ च्या भोकात पान्याने रेटला तर आटे कायमचे जातात. व्हर्नियरने व्यास मोजा, आट्यांच्या गेजने अंतर तपासा. नट नळी न लावता भोकात फिरवून बघा: तळापर्यंत बोटांनी जायला हवा आणि डुगडुगायला नको. हे प्रत्येक टोकाला वेगळं करा. आधीच्या कुणी मागचे व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारे छोटे सिलिंडर) बदलले असतील तर एकाच लाइनचं एक टोक इंची आणि दुसरं मेट्रिक असू शकतं.

मग फ्लेअरचा प्रकार. दोन मुख्य जाती आहेत. दुहेरी फ्लेअरमध्ये नळीचा काठ आत दुमडून ४५ अंशांचं कर्ण्यासारखं तोंड होतं. दुसरा बबल फ्लेअर, त्यात टोक फुगीर राहतं. कुठे कोणता हवा हे ओळखण्याची खात्रीची रीत म्हणजे टॉर्च घेऊन भोकाच्या तळाशी बघणं. तळातून शंकू वर आलेला दिसला तर तिथे दुहेरी फ्लेअर बसतो, कारण नळीचं पसरट तोंड त्या शंकूवर टेकतं. तळ आत खोलगट, वाटीसारखा असेल तर बबल. एकाच गाडीत दोन्ही असू शकतात. मास्टर सिलिंडरला एक, होजच्या टोकाला दुसरा, हे अगदी नेहमीचं आहे. नटही जुळावे लागतात: बबलच्या नटाचं नाक सपाट, दुहेरी फ्लेअरच्या नटाचं नाक उतरतं. चुकीची जोडी जोर लावून आवळली की सुरुवातीला गळत नाही, आणि म्हणूनच ती घातक ठरते.

जुनी लाइन काढायला सुरुवात करण्याआधी आठवडाभर रोज सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारत राहा. मग सर्वांत आधी चारही चाकांच्या ब्लीडर निपल (ब्रेकमधली हवा काढायचे छोटे स्क्रू) सुटतात का ते बघा, लाइनला नंतर हात लावा. निपल मोडली तर तो व्हील सिलिंडर बदलावा लागतो, आणि ते शेवटच्या दिवशी कळण्यात अर्थ नाही. गाडी जॅकवर ठेवून तिच्याखाली जाऊ नका. सपाट जमिनीवर भक्कम स्टँड लावा, चाकांना उटी द्या.

साध्या फिक्स पान्याने हे नट घसरतात, कोपरे गोल होतात. फ्लेअर नटचा पाना वापरा, त्याला नळी घालायला फक्त एक फट असते आणि तो नटाच्या पाच बाजू धरतो. नट फिरतो आहे की नटाबरोबर नळीही पिळते आहे हे बघत राहा. जुनी लाइन फेकायचीच आहे, त्यामुळे नट हट्टाला पेटला तर नळी नटाला लागून कापा आणि सहा कोनांचं सॉकेट चढवा, बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं. ज्वाळा लावायची वेळ आलीच तर आधी आसपासचं रबर आणि प्लॅस्टिक काढून टाका, आणि सांडलेलं ब्रेक ऑइल पुसून घ्या. ते पेट घेतं. ते रंगही खातं, म्हणून मडगार्डवर ओलं फडकं अंथरा आणि थेंब पडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

मोकळं झालेलं प्रत्येक तोंड टोपीने बंद करा. पेडल थोडं खाली दाबून काठीने तसंच धरून ठेवलं तर मास्टर सिलिंडरचं आतलं छिद्र झाकलं जातं आणि ब्रेक ऑइलची टाकी रिकामी होत नाही. जुन्या लाइन शक्य तितक्या न वाकवता काढा, चिठ्ठी बांधा आणि जपून ठेवा. नवीन लाइनचा साचा त्याच. काढण्याआधी प्रत्येक वळणाचा, प्रत्येक क्लिपचा फोटो घ्या. तीन तोंडी जोडावर ब्रेकच्या दिव्याचा प्रेशर स्विच असेल तर त्याची वायर सोडवायला विसरू नका.

नवी नळी कापायला छोटा चक्रीचा कटर वापरा, करवत नको. करवतीचा कीस आत जातो आणि काठ तिरका होतो. कटर थोडा थोडा आवळत फिरवा. घाई केली तर नळीचं तोंड आत दबतं. कापल्यावर आतली-बाहेरची कड रीमरने साफ करा, टोक खाली धरून, म्हणजे कीस आत पडणार नाही. काठ कानशीने सपाट, काटकोनात करा. मग नट नळीवर चढवा, दोन्ही, योग्य तोंड बाहेर करून, आणि मगच फ्लेअर करा.

फ्लेअर करताना नळी पकडीच्या पट्टीत घालून डायच्या पायरीइतकीच बाहेर ठेवायची, ना कमी ना जास्त. कमी ठेवली तर ओठ अपुरा राहतो, जास्त ठेवली तर घडी वेडीवाकडी पडते. पकड पूर्ण आवळा. नळी एक केसभर मागे सरकली तरी फ्लेअर वाया. टोकाला ब्रेक ऑइलचा एक थेंब लावा, दुसरं कुठलंही तेल नको. डाय घालून दाबला की टोक फुगून घंटेसारखं होतं. बबल हवा असेल तर इथेच थांबा. दुहेरी हवा असेल तर डाय काढून शंकू लावा आणि हळूहळू दाबा, म्हणजे तो फुगवटा आत दुमडून दोन थर एकावर एक बसतात. हे दोन थर हवेतच. एकेरी पसरवलेली पातळ भिंत ब्रेकच्या दाबाखाली काठावर चिरते.

आता ते टोक भिंगाखाली धरा. तोंडाची कडी सगळीकडे सारख्या रुंदीची हवी. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक असेल तर नळी तिरकी कापली होती किंवा पकडीत वाकडी होती. आतल्या घडीत काळी बारीक रेघ दिसली तर ती भेग आहे. बसायच्या पृष्ठभागावर खरचट नको. संशय आला की कापून टाका आणि पुन्हा करा. म्हणूनच नळी थोडी लांबच घ्या. गाडीच्या नळीला हात लावण्याआधी उरलेल्या तुकड्यांवर भरपूर सराव करा. स्वस्त दोन पट्ट्यांच्या हत्याराने क्युप्रो-निकेल जमतं, पोलादाला मात्र बाकावर घट्ट बसणारं किंवा हायड्रॉलिक हत्यार हवं. हे हत्यार भाड्याने किंवा उसनं मिळत असेल तर तसंच घ्या, पण चांगलंच घ्या.

वळणं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, जुन्या लाइनला लावून बघत करा. टोकापासून चारेक सेंटिमीटर नळी सरळ ठेवा, नाहीतर नट मागे सरकायला जागाच उरत नाही आणि दुसऱ्या टोकाचा फ्लेअरही पकडीत बसत नाही. नळी कुठे चपटली तर तो तुकडा बाद. मास्टर सिलिंडरजवळ मूळ लाइनला गोल वेटोळं असेल तर ते अनावश्यक शोभा समजून सरळ करू नका. बॉडी आणि सिलिंडर यांच्यातली थरथर ते गिळतं.

मार्ग मूळचाच ठेवा. कारखान्याने तो सायलेन्सरच्या उष्णतेपासून, दगडांपासून आणि हलणाऱ्या भागांपासून दूर आखलेला असतो. जिथे मूळ नळीवर तारेचं स्प्रिंगसारखं आवरण होतं तिथे नव्या नळीवरही ते चढवा, अर्थात फ्लेअर करण्याआधी. साधारण फूटभराने एक क्लिप, रबर असलेली. सैल नळी घासते, घासलेली नळी फुटते.

नट बसवताना सुरुवात नेहमी बोटांनी, आणि लाइनची सगळी टोकं अर्धवट बसल्यावरच एकेक आवळा. जबरदस्तीने तिरका बसलेला नट आटे खातो. या छोट्या नटांना साधारण १२ ते १८ न्यूटन-मीटर पुरतं. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच धरा. आट्यांवर टेप किंवा सीलंट लावू नका. सील आट्यांवर होतच नाही, ते फ्लेअरच्या तोंडावर होतं, आणि टेपचा तुकडा आत गेला तर व्हॉल्व्ह अडतो. गळलं तर आणखी जोर लावण्याऐवजी सोडवून फ्लेअर बघा.

रबरी होज का बदलायचे? बाहेरून ठणठणीत दिसणारा जुना होज आतून फुगून बंद होत आलेला असतो. पेडलच्या जोराने ऑइल पुढे जातं, पण परतताना अडतं, आणि ब्रेक सोडल्यावरही चाक धरून राहतं. नवीन होज बसवताना पीळ राहू देऊ नका. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि चाक मोकळं लोंबकळू देऊन तो कुठे ताणतो किंवा घासतो का ते बघा. होजच्या टोकाला तांब्याचा वॉशर असेल तर तो नवा लावा; फ्लेअरच्या सांध्यात वॉशर नसतो, घालायचाही नसतो.

कुठलाही भाग धुवायला पेट्रोल, रॉकेल किंवा डिझेल वापरू नका. त्याचा अंश राहिला तरी आतली रबरं फुगतात. स्वच्छ ब्रेक ऑइल किंवा ब्रेक क्लीनर वापरा आणि नळी कोरड्या हवेने फुंकून घ्या.

ऑइलबद्दल: बहुतेक गाड्यांना डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल चालतं. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. सीलबंद डबाच उघडा; अर्धा वापरलेला, महिन्यांपूर्वीचा डबा नको. डॉट ५ हे सिलिकोनचं, ते डॉट ३, ४ किंवा ५.१ मध्ये मिसळायचं नाही. नावं जवळची असली तरी ५ आणि ५.१ चा एकमेकांशी काही संबंध नाही. सित्रोएन डीएससारख्या हिरव्या एलएचएम खनिज तेलावर चालणाऱ्या गाड्यांचा मामला पूर्ण वेगळा. त्यात डॉटचं ऑइल घातलं तर सगळी सील जातात.

हवा काढण्याआधी (यालाच ब्लीडिंग म्हणतात) ड्रमचे शू, म्हणजे ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे भाग, नीट जुळवून घ्या. शू ड्रमपासून लांब असतील तर पेडल खोल जातं आणि हवा राहिली असं समजून माणूस तासन्‌तास ब्लीडिंग करत बसतो. सहसा मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम असेल तर तो पाळा. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टन रोज जेवढा सरकतो त्यापुढच्या भागात गंज आणि गाळ असतो. पेडल तळापर्यंत दाबलं की सील त्या खडबडीत भागावर घासून फाटतं, आणि मग लोक नव्या लाइनला दोष देतात. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नका. आधी निपल उघडून ऑइल आपोआप झिरपू द्या, मग सावकाश पेडल मारा. पेडल दाबलेलं असताना निपल बंद, मग पेडल सोडायचं.

पेडल कडक लागलं की एकाला सीटवर बसवा आणि पूर्ण जोराने एक मिनिट दाबून धरायला सांगा. पेडल खाली सरकत जाता कामा नये. त्याच वेळी तुम्ही प्रत्येक सांधा कोरड्या पांढऱ्या टिश्यूने पुसत जा. बोटाला न कळणारा ओलावा टिश्यूवर दिसतो. सर्वो (पेडलचा जोर वाढवणारा भाग) असेल तर इंजिन चालू ठेवून पुन्हा करा. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी परत तपासा. हँडब्रेक चालतो याची खात्री करा, आणि पहिली फेरी मोकळ्या सपाट जागेत, चालण्याच्या वेगाने मारा. त्यानंतर पुन्हा टिश्यू घेऊन खाली जा, आणि शंभरेक किलोमीटर झाल्यावर आणखी एकदा. ऑइल दर दोन वर्षांनी बदला, गाडी फार चालली नसली तरी.

हे सगळं वाचून फ्लेअरचा भाग नको वाटला तर मधला मार्ग आहे. लाइन तुम्ही काढा, चिठ्ठ्या लावा आणि मोजलेल्या आट्यांसह अनुभवी ब्रेकवाल्याकडे द्या. तो टोकं करून देईल, वाकवणं आणि बसवणं तुमचं. मात्र त्याने दिलेलं प्रत्येक टोक भिंगाखाली बघूनच गाडीला लावा.